झूम केलं आणि रंकाळा गायब झाला: पडद्यावरच्या नकाशामागचा इतिहास

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, या वेळी जरा वेगळा विषय घेतेय. आपल्याकडे इतिहासाचा विद्यार्थी म्हटला की मोडी, दफ्तरं, बखरी डोळ्यापुढे येतात. कॅड म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, ते उद्यमनगरातल्या पोरांचं काम, आपलं नव्हे, असं मीही समजत होते. पण माझा विषय रंकाळ्याच्या काठावरच्या जमिनींचा. शेतं, मळे, वाटा, त्यांचे बांध आणि नंतर त्यावर उभ्या राहिलेल्या कॉलन्या. जुने मोजणी नकाशे आजच्या नकाशावर बसवल्याशिवाय हे काम पुढे सरकत नाही. म्हणून दोन महिने घालून कॅड शिकले.

आणि एका रात्री नकाशाच गायब झाला.

झालं असं. संस्थानकाळातल्या एका नकाशाचा स्कॅन घेऊन मी त्यावरून बांध, विहिरी, ओढा, सगळं गिरवलं होतं. मग त्याच फाइलमध्ये आजचा नकाशा आणला आणि 'झूम एक्स्टेंट्स' दिलं. ही आज्ञा दिली की फाइलमध्ये जेवढं काही आहे ते सगळं पडद्यावर मावेल असं दाखवलं जातं. पडदा कोरा! माऊसचं चाक फिरवून आत जावं तर थोड्या वेळानं चाक अडायचं, पुढे जायचंच नाही. महत्प्रयासानं आजचा नकाशा सापडला तर त्यातल्या सरळ रेषा करवतीच्या दात्यांसारख्या दिसत होत्या आणि नकाशा सरकवला की थरथरत होत्या. तीन आठवड्यांचं काम पाण्यात गेलं असं समजून मी रडकुंडीला आले होते.

वडिलांचे एक स्नेही भूकरमापक म्हणून निवृत्त झालेत. सकाळी त्यांना लॅपटॉप दाखवला. कॅड त्यांनी कधी वापरलेलं नाही. पण खालच्या कोपऱ्यातले आकडे वाचून ते म्हणाले, "पोरी, नकाशा कुठं जातोय? तूच लांब गेलीयास बघ."

हे वाक्य अक्षरशः खरं निघालं. कसं, ते सांगते.

आकडे कुठून येतात?

माझ्या फाइलमध्ये दोन नकाशे होते. जुना नकाशा मी शून्याजवळ गिरवला होता, म्हणजे डाव्या खालच्या कोपऱ्याला ०,० धरून. आजचा नकाशा मात्र यूटीएम या पद्धतीतला होता. या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे ६० पट्टे केलेत. कोल्हापूर ४३ व्या पट्ट्यात येतं. या पट्ट्याची मधली रेषा म्हणजे ७५ अंश पूर्व रेखावृत्त. पट्ट्यात कुठेच उणे आकडा येऊ नये म्हणून या मधल्या रेषेला शून्य न म्हणता ५,००,००० मीटर म्हणायचं ठरलंय. कोल्हापूर त्या रेषेच्या पश्चिमेला सुमारे ८१ किलोमीटर. म्हणून आपल्या शहराचा पूर्वेकडचा आकडा येतो साधारण ४ लाख १९ हजार. उत्तरेकडचा आकडा विषुववृत्तापासून मोजतात, तो येतो साधारण १८ लाख ४६ हजार मीटर.

आता हिशोब करा. एक रंकाळा ०,० वर आणि दुसरा रंकाळा तिथून जवळपास १,८९० किलोमीटरवर. सॉफ्टवेअरला मी सांगितलं, सगळं एकदम दाखव. त्यानं इमानेइतबारे दाखवलं. पडद्याची उंची १,०८० ठिपके, दाखवायचं अंतर १,८४६ किलोमीटर, म्हणजे एका ठिपक्यात १.७ किलोमीटर. अख्खा रंकाळा एका ठिपक्यात गेला. एक ठिपका खालच्या कडेला, दुसरा वरच्या कडेला आणि मधे सगळं कोरं. नकाशा जागेवरच होता, मी त्याच्याकडे फार लांबून बघत होते.

तेव्हा पहिली गोष्ट लक्षात ठेवा. झूम एक्स्टेंट्सनंतर पडदा कोरा दिसला तर घाबरून फाइल बंद करू नका. सगळं निवडा आणि सगळ्यात लहान व सगळ्यात मोठे आकडे कोणते ते बघा. कुठे तरी लाखभर मीटरवर एखादी चुकार रेष, एखादं अक्षर नाहीतर दुसऱ्या पद्धतीतला नकाशा पडलेला असतो. काही थर बंद करून ठेवले असतील तर तेही उघडून बघा. बंद थरावरची वस्तू दिसत नाही, पण फाइलमध्ये असतेच.

चाक का अडतं?

दुसरा प्रश्न चाकाचा. याचं उत्तर साठ वर्षांच्या इतिहासात आहे.

१९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड या पीएचडीच्या विद्यार्थ्यानं स्केचपॅड नावाचा प्रोग्राम केला. (हो, पीएचडीच्याच. आपल्याला धीर यावा म्हणून सांगतेय.) लिंकन लॅबोरेटरीतल्या टीएक्स-२ या मशीनवर लाइट पेननं थेट पडद्यावर रेषा काढता यायच्या. पडदा जेमतेम सात इंचांचा, पण चित्र सुमारे दोन हजार पट मोठं करून बघता यायचं. सात इंचांना दोन हजारांनी गुणलं तर १,१६६ फूट होतात. म्हणजे वहीएवढ्या खिडकीतून अख्ख्या मळ्याएवढ्या कागदावर हिंडता येत होतं. कागद एक आणि त्याच्याकडे बघायची खिडकी वेगळी, ही कल्पना इथे प्रत्यक्षात आली. पुढे खिडकीबाहेरच्या रेषा झटपट छाटून टाकायची एक रीत डॅनी कोहेन आणि सदरलँड यांच्या नावानं ओळखली जाऊ लागली. कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या अभ्यासक्रमात ती आजही शिकवतात.

१९८२ च्या डिसेंबरमध्ये ऑटोकॅड बाजारात आलं आणि हे काम टेबलावरच्या छोट्या कॉम्प्युटरवर आलं. पण ते कॉम्प्युटर दशांशातले हिशोब करायला फार मंद होते. म्हणून एक युक्ती केली गेली. फाइलमध्ये आकडे पूर्ण दशांशांसह ठेवायचे आणि दाखवण्यासाठी त्यांची पूर्णांकात एक वेगळी प्रत करायची. त्या काळात ही प्रत साधारण ३२ हजार गुणिले ३२ हजार ठिपक्यांच्या काल्पनिक पडद्यावर असायची. या पडद्याच्या आत झूम केलं की चित्र चटकन दिसायचं. त्याच्या पलीकडे गेलं की सगळे हिशोब पुन्हा मुळापासून. यालाच 'रीजेन' म्हणतात. मोठा नकाशा असेल तर रीजेन देऊन चहा पिऊन यावं लागे, असं जुने ड्राफ्ट्समन सांगतात.

नंतर कॉम्प्युटर वेगवान झाले, काल्पनिक पडदा कितीतरी मोठा झाला, पण घडण पुष्कळ अंशी तीच राहिली. चाक अडतं तेव्हा बहुतेक वेळा तुम्ही त्या तयार प्रतीच्या काठाला पोचलेले असता. रीजेन द्या, नवी प्रत होते, चाक सुटतं. वर्तुळाकार विहीर आत जाऊन बघितल्यावर अष्टकोनी दिसते, त्याचंही कारण हेच. लांबून बघताना वेग मिळावा म्हणून वर्तुळाऐवजी थोडे तुकडे जोडून दाखवलेले असतात. फाइलमधलं वर्तुळ गोलच असतं. मी मात्र पहिल्या महिन्यात चार विहिरी 'सुधारून' पुन्हा काढल्या होत्या! हसा.

रेषा का थरथरतात?

तिसरा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट आपल्या कामाच्या खरेपणाला भिडतो.

कॉम्प्युटरमध्ये दशांशातला आकडा ठेवायची जागा ठरलेली असते. १९८५ साली त्याचं प्रमाण ठरलं. मोठ्या जागेत साधारण १५-१६ अंक नीट राहतात, लहान जागेत साधारण ७. कॅडच्या फाइलमध्ये सहसा मोठी जागा वापरतात. पण पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड वेगासाठी बरेचदा लहान जागेतच हिशोब करतं.

आता १८ लाख ४६ हजार हा कोल्हापूरचा उत्तरेचा आकडा घ्या. सात अंक तर मीटरमध्येच संपले! या टप्प्यात लहान जागेतल्या लगतच्या दोन आकड्यांमधलं अंतर असतं साडेबारा सेंटिमीटर. मधलं काही ठेवताच येत नाही. पूर्वेचा आकडा ४ लाखांच्या घरात असल्यानं तिथे हे अंतर सुमारे ३ सेंटिमीटर. म्हणजे रेषेचं टोक उत्तर-दक्षिण साडेबारा सेंटिमीटरच्या उड्या मारतं आणि पूर्व-पश्चिम तीन सेंटिमीटरच्या. करवतीचे दाते तयार झाले ते यातून.

उद्यमनगरातल्या ड्राफ्ट्समनला हा त्रास सहसा होत नाही. त्याचा व्हॉल्व्ह किंवा पंपाचा भाग काही शे मिलिमीटरचा आणि शून्याजवळ काढलेला. सात अंक त्याला पुरून उरतात. आपण त्याच हत्यारानं जमीन मोजायला जातो, तीही विषुववृत्तापासून. मग हत्यार अडखळणारच.

उपाय जुनाच आहे, मोजणीदारांचाच. शहरातला एक पक्का, आजही जागेवर असलेला बिंदू निवडायचा आणि त्याला आपलं शून्य मानायचं. कॅडच्या नकाशात पूर्वेच्या आकड्यातून ४,१९,००० आणि उत्तरेच्या आकड्यातून १८,४६,००० वजा करून सगळा नकाशा शून्याजवळ आणायचा. पण किती वजा केलं ते फाइलमध्ये, वहीत आणि प्रबंधाच्या परिशिष्टात, तिन्ही ठिकाणी लिहून ठेवायचं. तेवढं लिहिलं नाही तर वर्षभरानं तुमचा नकाशा पृथ्वीवर कुठे बसतो ते तुम्हालाही सांगता येणार नाही.

'शून्य कुठे धरायचं' हा प्रश्न कॅडनं आणलेला नाही, बरं का. १८०२ साली लॅम्ब्टननं मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू झाली. पुढे एव्हरेस्टनं १८३० साली पृथ्वीच्या आकाराची मापं ठरवली आणि मध्य हिंदुस्थानातलं कल्याणपूर हे मोजणीचं मूळ ठाणं झालं. आपले जुने सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे या मापांवर उभे आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठीच्या नकाशांना डब्ल्यूजीएस-८४ ही जागतिक मापं आली. एकाच विहिरीचे अक्षांश-रेखांश या दोन मापांत घेतले तर आपल्या भागात शंभर-दीडशे मीटरचा फरक दिसू शकतो. तेव्हा जुना नकाशा नव्यावर ठेवल्यावर विहीर शेजारच्या रानात गेली तर लगेच 'विहीर बुजवून नवी खोदली' असं लिहू नका. आधी विचारा, या नकाशाचं शून्य कुठलं?

अर्धा मीटर

आता खरी कबुली.

वरचं सगळं निस्तरलं. नकाशा शून्याजवळ आला, रेषा शांत झाल्या, विहिरी गोल झाल्या. तरी एका बांधाची जुनी आणि नवी रेष जुळेना. आत जाऊन मोजलं, फरक ४८ सेंटिमीटर. दुसऱ्या टोकालाही जवळपास तेवढाच. मला आनंद झाला! प्रकरणात मी एक परिच्छेद लिहून टाकला की हा बांध तलावाच्या बाजूला सरकवला गेला आणि काठावरच्या अतिक्रमणाची ही सुरुवात दिसते. प्रिंट काढली आणि कौतुकानं त्याच काकांना वाचायला दिली.

त्यांनी विचारलं, "मूळ टिपण बघितलंस का?"

टिपण म्हणजे मोजणीच्या वेळी रानात काढलेलं कच्चं रेखाटन. ते बघितलं होतं, पण आकार वेडावाकडा म्हणून बाजूला ठेवलं होतं. ते म्हणाले, "अगं, टिपण मापात नसतंयच. त्यातला आकडा वाचायचा असतोय, चित्र न्हवं."

मुंबई इलाख्यात जमीन मोजणीची जी पद्धत रुजली तिची सुरुवात १८३५ च्या सुमारास इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या कामातून झाली. पुढे १८४७ च्या संयुक्त अहवालानं तिचे नियम पक्के झाले. कोल्हापूर संस्थानातही मोजणी त्याच धर्तीवर आली. त्यात ३३ फुटांची साखळी. साखळीचे १६ भाग, प्रत्येक भाग एक आणा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एकर. जागेच्या व्यवहारात गुंठ्याची भाषा आजही चालते, ती याच साखळीची.

काकांनी कागदावर ३३ भागिले १६ केलं. एक आणा म्हणजे दोन फूट पाऊण इंच. सेंटिमीटरमध्ये ६३.

"या टिपणावर आण्याच्या खाली एक तरी आकडा दिसतोय का?"

नव्हता. सगळी मापं साखळी आणि आण्यातच. म्हणजे मोजणाऱ्यानं प्रत्येक माप जवळच्या आण्याला नेऊन बसवलं होतं. एका टोकाला अर्धा आणा इकडे, दुसऱ्या टोकाला अर्धा आणा तिकडे, एवढ्यातच ६३ सेंटिमीटर जातात. शिवाय साखळी ताणली जाणं, पेन्सिलीची जाडी, शंभर वर्षांत कागद आकसणं हे वेगळंच. माझा ४८ सेंटिमीटरचा 'शोध' एका आण्याएवढासुद्धा नव्हता.

"आन् तू म्हनतीयास बांध सरकला," काका म्हणाले. "कुणी सरकवला ते बी लिवलं असतंस की!"

ते हसत होते, पण मला घाम फुटला. कारण त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना आज माणसं राहतात. आपल्याकडे वीतभर बांधापायी दोन-दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या घरांची उदाहरणं प्रत्येकाला माहीत असतात. प्रबंध ग्रंथालयात जातो, कुणीतरी त्यातलं पान झेरॉक्स करून दाव्याला जोडतो. 'विद्यापीठाच्या संशोधनात सिद्ध झालंय' म्हटलं की त्याला वजन येतं. आणि ते वजन कशावर उभं असतं? तर मोजणाऱ्यानं कधीच न घेतलेल्या मापावर. मी माऊसचं चाक फिरवत गेले आणि पडद्यावर ४८ हा आकडा आला म्हणून तो नकाशातही आहे असं समजले.

कागदाच्या नकाशात ही चूक करणं अवघड होतं. त्याचं प्रमाण आधीच ठरलेलं, त्यापेक्षा जवळ जाता येत नाही. भिंग लावलं तर पेन्सिलीची रेषच जाड दिसते आणि ती जाडीच सांगते की यापुढे विचारू नकोस. समजा १:५,००० प्रमाणाचा नकाशा आहे आणि रेष ०.२ मिलिमीटर जाड आहे, तर ती रेष जमिनीवर एक मीटर रुंद होते. कॅडमध्ये ती रेष कितीही जवळ गेलात तरी बारीकच राहते. म्हणून ती अचूक वाटते. फाइल मात्र तुम्ही दिलेले आकडे जसेच्या तसे सांभाळते, ते किती भरवशाचे ते तिला ठाऊक नसतं.

मग करायचं काय?

माझ्या वहीत आता प्रत्येक नकाशासाठी एक पान आहे. त्यावर गिरवायला सुरुवात करण्याआधी मी पाच गोष्टी लिहिते.

१. माप कशात घेतलंय? साखळी-आणा, फूट की मीटर? फाइलचं एकक तेच आहे का? मिलिमीटरच्या फाइलमध्ये मीटरचा नकाशा आणला तर तो हजार पट लहान येतो आणि 'गायब' होतो.

२. या नकाशाचं शून्य कुठलं आणि मी ते किती सरकवलं?

३. स्कॅन कशावरून मापात आणला? निदान दोन लांबच्या, आजही जागेवर असलेल्या खुणा हव्यात आणि पडताळणीला तिसरी.

४. मोजणाऱ्यानं घेतलेलं सगळ्यात लहान माप कोणतं?

५. त्याहून लहान फरक दिसला तर त्यावर मी काहीही लिहिणार नाही.

चौथं आणि पाचवं कलम काकांच्या नावावर.

तो परिच्छेद मी काढून टाकला. त्या जागी आता एवढंच आहे की या बांधाची जुनी आणि नवी जागा मोजणीच्या मर्यादेत जुळते. मार्गदर्शक मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारून 'हे चांगलं' असं लिहिलं. खरं सांगते, आधीच्या परिच्छेदाइतकं ते भारी वाटत नाही. पण त्याच पट्ट्यात दुसऱ्या एका वाटेची जुनी आणि नवी जागा नऊ मीटरनं वेगळी येते. नऊ मीटर म्हणजे चौदा आण्यांहून जास्त. तिथे मोजणीची चूक म्हणून सुटका नाही, तिथे खरंच काहीतरी घडलंय. पहिला बांध सोडून दिला नसता तर या वाटेकडे माझं लक्षही गेलं नसतं.

त्या वाटेचं काय झालं, ते शोधायला पुढच्या आठवड्यात पुन्हा दफ्तरात जातेय. सापडलं तर पुढच्या लेखात सांगेन. तोवर तुमच्या हातात जो नकाशा असेल त्यातलं सगळ्यात लहान खरं माप शोधा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. झूम त्यानंतर करा.